नवे डॉक्टर आणि रुग्णालयाचे उत्तरदायित्व

(नवागत निवासी डॉक्टरांच्या स्वागतसमारंभात रुग्णालय प्रशासनातर्फे झालेले भाषण)





वैद्यकशास्त्राविषयी बोलण्याचा आमचा अधिकार नाही. आम्ही वाणिज्य शाखेतून आलो. आमची उमेद खतावण्या, पावतीपुस्तके आणि लेखापरीक्षकांचे शेरे यांत खर्ची पडली. तथापि नवा डॉक्टर रुजू होतो तेव्हा त्याची पाळी कोण ठरवितो, रात्री अडचण आल्यास त्याने कोणास दूरध्वनी करावयाचा, त्याला पाठ टेकावयास सुरक्षित जागा आहे किंवा नाही, हे प्रश्न प्रशासनाकडेच येतात. आज बोलावयाचे आहे ते याच प्रश्नांविषयी. रुग्णाच्या सुरक्षिततेशी त्यांचा किती निकटचा संबंध आहे, हे देणगीदारांनी आणि नातेवाइकांनीही जाणून घ्यावे, अशी आमची इच्छा आहे.

प्रथम या तरुण डॉक्टरांचा परिचय. एमबीबीएसची अंतिम परीक्षा आणि एक वर्षाची सक्तीची आंतरवासिता पूर्ण करून, पुढे पदव्युत्तर प्रवेशपरीक्षा देऊन ही मंडळी येथे आली आहेत. आपल्या रुग्णालयाशी संलग्न असे वैद्यकीय महाविद्यालय नाही. परंतु १९८२ पासून स्वायत्तपणे कार्य करणाऱ्या राष्ट्रीय परीक्षा मंडळाच्या डीएनबी अभ्यासक्रमामुळे आपल्यासारख्या धर्मादाय संस्थांनाही तज्ज्ञ डॉक्टर घडविण्याची संधी मिळते. एमबीबीएसनंतरचे हे प्रशिक्षण तीन वर्षांचे असते. या काळात हे डॉक्टर विद्यार्थीही असतात आणि वॉर्डातील कामाचा मोठा भारही त्यांच्याच खांद्यावर असतो. मध्यरात्री रुग्णाजवळ जो डॉक्टर सर्वांत आधी पोहोचतो, तो बहुधा यांच्यापैकीच एक असतो.

कायद्याच्या दृष्टीने या टप्प्यावर एक मोठा बदल घडतो. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२१ च्या आंतरवासिता नियमावलीनुसार आंतरवासी डॉक्टराने देखरेखीखाली काम करावयाचे असते. वैद्यकीय प्रमाणपत्र, मृत्यू प्रमाणपत्र अथवा न्यायवैद्यक दस्तऐवज त्याला स्वतःच्या स्वाक्षरीने देता येत नाही. आंतरवासिता संपून कायम नोंदणी झाली की हीच स्वाक्षरी सर्वत्र ग्राह्य ठरते. नोंदणीचा कागद हाती आल्याने अधिकार एका दिवसात वाढतात. अनुभव मात्र आदल्या दिवशी होता तेवढाच राहतो.

ब्रिटनमध्ये हे अंतर भरून काढण्यासाठी २००५ पासून दोन वर्षांचा पायाभूत प्रशिक्षणक्रम राबविला जातो. पहिल्या वर्षी नव्या डॉक्टराची नोंदणी तात्पुरती असते; ते वर्ष समाधानकारकपणे पूर्ण केल्यावर ती कायम होते, आणि दुसऱ्या वर्षीही त्याचे काम ज्येष्ठांच्या देखरेखीखालीच चालते. आपल्याकडे आंतरवासितेनंतर असा पूल बांधलेला नाही. यास्तव तो बांधण्याचे काम ज्या रुग्णालयात नवा डॉक्टर रुजू होतो, त्या रुग्णालयाने आपले मानले पाहिजे. पुढे सांगितलेले दंडक या पुलाचे खांब समजावेत.

पहिला दंडक विचारण्याचा. नवागत डॉक्टरांनो, आपल्या कामाच्या पहिल्या वर्षात आपणांस सर्व काही आले पाहिजे, अशी या संस्थेची अपेक्षा नाही. आपणांस काय येत नाही हे आपण वेळेवर सांगावे, ही अपेक्षा मात्र आहे. ‘रात्री सरांची झोपमोड कशाला करावयाची’ हा विचार सौजन्याचा वाटतो. पण त्याची किंमत खाटेवर पडलेला रुग्ण मोजतो. म्हणून दूरध्वनी केव्हा करावयाचा हे आपल्या संकोचावर न सोडता आकड्यांवर सोपविलेले बरे. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये तयार केलेली व २०१७ मध्ये सुधारलेली एक गुणपद्धती आज अनेक देशांत वापरली जाते. श्वासाची गती, रक्तातील प्राणवायूचे प्रमाण, रक्तदाब, नाडी, शुद्धीची स्थिती आणि शरीराचे तापमान या सहा बाबींना गुण दिले जातात. बाहेरून प्राणवायू द्यावा लागत असल्यास त्याचेही गुण मिळविले जातात. बेरीज ५ झाली की डॉक्टराने तातडीने पाहावयाचे, ७ किंवा अधिक झाली की ती आणीबाणी समजावयाची. आमच्या वॉर्डांत परिचारिका ही बेरीज करतील. ७ गुणांनंतर ज्येष्ठ तज्ज्ञांना दूरध्वनी करणे हे ऐच्छिक नाही, आणि तो केल्याबद्दल कोणासही बोलणी खावी लागणार नाहीत.

दूरध्वनीवर काय सांगावे, याचीही रीत आहे. रुग्णाची आताची स्थिती, त्याची पार्श्वभूमी, आपला अंदाज आणि आपली अपेक्षा, या चार गोष्टी याच क्रमाने सांगाव्यात. ‘सर, जरा बरे वाटत नाही त्यांना’ यातून झोपेतून उठलेल्या माणसास काहीच बोध होत नाही. ‘आपण यावे असे मला वाटते’ हे चौथे वाक्य नवोदितांना सर्वांत अवघड जाते. ते स्पष्ट उच्चारावे.

ज्येष्ठ सहकाऱ्यांना येथे एक नम्र विनंती. विचारण्याची मुभा ही कागदावर देता येत नाही. ती आपल्या आवाजातून मिळते. एकदा तुटक उत्तर मिळालेला कनिष्ठ डॉक्टर पुढच्या वेळी अर्धा तास थांबून पाहतो. त्या अर्ध्या तासाची नोंद कोठेही होत नाही, परंतु परिणाम रुग्णाला भोगावा लागतो. परिचारिका भगिनींच्या बाबतीतही हेच. वीस-पंचवीस वर्षे वॉर्ड सांभाळलेल्या सिस्टरने ‘डॉक्टर, एकदा पुन्हा पाहता का?’ असे म्हटले तर नव्या डॉक्टराने ते सूचना म्हणून घ्यावे, आक्षेप म्हणून नव्हे.

दुसरा दंडक लिहिण्याचा. हा विषय आमच्या विशेष परिचयाचा आहे. हिशेबाच्या वहीत खाडाखोड चालत नाही. चूक झाल्यास एक रेघ मारून, मूळ आकडा वाचता येईल असा ठेवून, शेजारी योग्य आकडा लिहून स्वाक्षरी करतात. केसपेपरचा नियम तोच आहे. प्रत्येक नोंदीस दिनांक, वेळ, नाव आणि स्वाक्षरी हवी. पांढरी शाई नको. नोंद उशिरा केली असल्यास ती उशिरा केली असे लिहावे. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत व्यक्तीने मागणी केल्यास कागदपत्रे ७२ तासांच्या आत द्यावी लागतात. म्हणजे आपण लिहिलेली ओळ उद्या नातेवाइकांच्या हाती जाणार आहे, हे ध्यानात ठेवूनच ती लिहावी.

औषधांच्या बाबतीत तर अक्षर हाही उपचाराचाच भाग आहे. इन्शुलिनच्या मात्रेपुढे ‘युनिट’ हा शब्द पूर्ण न लिहिता इंग्रजी आद्याक्षर घाईने लिहिले, तर ते शून्यासारखे दिसते आणि १० चे १०० वाचले जाऊ शकतात. हा धोका जगभर ओळखला गेला आहे, म्हणून आमच्याकडे तो संक्षेप वर्ज्य आहे. औषधाचे नाव सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावे, असे आचारसंहितेतील २०१६ ची दुरुस्तीही सांगते. पोटॅशियम क्लोराइडची तीव्र इंजेक्शने सर्वसाधारण वॉर्डाच्या कपाटात न ठेवता वेगळ्या देखरेखीखाली ठेवण्यामागेही हाच विचार आहे. थकलेल्या माणसाच्या हातून चूक घडू शकते हे गृहीत धरून तिचा मार्ग आधीच बंद करावयाचा.

तिसरा दंडक कार्यभार सोपविण्याचा. पाळी बदलते तेव्हा रुग्ण तोच असतो, डॉक्टर बदलतो. जाणारा डॉक्टर जे सांगावयास विसरतो, ते येणाऱ्यास ठाऊक नसते. अमेरिका व कॅनडातील नऊ बालरोग प्रशिक्षण केंद्रांत झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, कार्यभार सोपविण्याची ठरावीक पद्धत शिकविल्यानंतर वैद्यकीय चुकांचे प्रमाण २३ टक्क्यांनी आणि टाळता येण्याजोग्या अपायांचे प्रमाण ३० टक्क्यांनी घटल्याचे आढळले. कोणतेही नवे यंत्र त्यासाठी लागले नव्हते. कोण अधिक गंभीर आहे, कोणते काम अपुरे आहे, रात्री काय घडू शकते आणि घडल्यास काय करावयाचे, हे समोरासमोर सांगावयाचे. ऐकणाऱ्याने ते आपल्या शब्दांत परत म्हणून दाखवावयाचे. बँकेत रोकड सोपविताना मोजून घेतात आणि मोजून देतात. येथे सोपवावयाची ठेव त्याहून मोलाची आहे.

चौथा दंडक विश्रांतीचा, आणि तो पाळण्याची जबाबदारी डॉक्टरांपेक्षा आमच्यावर अधिक आहे. केंद्र शासनाच्या १९९२ च्या निवासी डॉक्टरविषयक आदेशात सलग काम साधारणतः दिवसाला १२ तासांहून आणि आठवड्याला ४८ तासांहून अधिक असू नये, असे म्हटले होते. प्रत्यक्ष व्यवहार त्यापासून किती दूर राहिला, हे प्रत्येक निवासी डॉक्टर जाणतो. पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षणाच्या २०२३ च्या नियमावलीने कामाचे तास वाजवी असावेत आणि विश्रांतीस पुरेसा वेळ मिळावा, एवढेच म्हटले. आकडा सांगितला नाही. २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिगटाने आठवड्याला ७४ तासांची मर्यादा, एक दिवस सुटी आणि रोज सात ते आठ तास झोप यांची शिफारस केली.

थकवा हा केवळ डॉक्टरांच्या सोयीचा प्रश्न समजू नये. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका अभ्यासात, अतिदक्षता विभागात २४ तासांहून दीर्घ पाळ्या करणाऱ्या प्रथमवर्ष डॉक्टरांकडून, लहान पाळ्या करणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे ३६ टक्के अधिक गंभीर चुका घडल्याचे दिसले. प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगावयास हवी. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, शस्त्रक्रिया विभागांतील एका मोठ्या चाचणीत पाळ्यांचे नियम काहीसे लवचीक ठेवल्याने रुग्णांचे परिणाम बिघडले नाहीत. याचा अर्थ आम्ही असा घेतो की, तास कमी करणे पुरेसे नाही. पाळ्या लहान केल्या की कार्यभार अधिक वेळा सोपवावा लागतो; तेथे ढिलाई झाल्यास झोपेने मिळविलेले हातचे निसटते. म्हणून तिसरा आणि चौथा हे दोन्ही दंडक एकत्रच पाळावे लागतात.

विश्रांतीच्या जागेचा विषय निघाला की ९ ऑगस्ट २०२४ हा दिवस आठवतो. कोलकाता येथील एका शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात रात्रपाळीवरील पदव्युत्तर प्रशिक्षणार्थी महिला डॉक्टर दीर्घ कामानंतर सेमिनार हॉलमध्ये विसावली असता तिच्यावर अत्याचार होऊन तिची हत्या झाली. त्यानंतर देशभर आंदोलने झाली, सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय कृतिदल नेमले. आमच्यासारख्या प्रशासकांपुढे मात्र त्या घटनेने अगदी साधा प्रश्न ठेवला. आपल्या रुग्णालयातील डॉक्टर रात्री दोन वाजता कोठे झोपते, त्या दारास आतून कडी आहे का, तेथवर जाणाऱ्या मार्गिकेत दिवा आहे का? याचे उत्तर ज्या प्रशासनाला फायली न चाळता देता येत नाही, त्याने आपले काम पुरे केले असे म्हणू नये.

पाचवा दंडक या संस्थेच्या स्वभावाचा. आपले रुग्णालय धर्मादाय आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार अशा रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी सवलतीच्या दराने राखून ठेवावयाच्या असतात, आणि एकूण देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावयाची असते. आणीबाणीच्या रुग्णास तत्काळ दाखल करून त्याची प्रकृती स्थिर होईपर्यंत जीवरक्षक उपचार द्यावयाचे असतात. त्यासाठी अनामत रक्कम मागावयाची नसते. अपघातग्रस्ताचा जीव वाचविणे हे प्रथम कर्तव्य होय, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगितले आहे. नवागत डॉक्टरांनो, अपघात विभागात आपल्यापुढे रुग्ण येईल तेव्हा त्याच्या ऐपतीचा विचार आपण करू नये. तो आमच्यावर सोपवावा. समाजसेवा विभाग आणि लेखा विभाग त्याचसाठी आहेत. खिशाचा विचार करीत नाडी पाहावी लागली, तर दोन्ही हिशेब चुकतात.

सहावा आणि शेवटचा दंडक बोलण्याचा. संमतीपत्रावर स्वाक्षरी घेणे म्हणजे संमती घेणे नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने २००८ च्या एका निकालात स्पष्ट केले आहे की, उपचाराचे स्वरूप, त्यातील धोके, उपलब्ध पर्याय आणि उपचार न घेतल्यास संभवणारे परिणाम समजल्यावर दिलेली संमतीच खरी संमती होय. म्हणून ज्या भाषेत रुग्ण घरी बोलतो त्या भाषेत समजावून सांगावे, आणि ‘कळले का?’ असे विचारण्याऐवजी ‘आपल्याला काय कळले ते सांगाल का?’ असे विचारावे. दुःखद वार्ता मार्गिकेत उभ्याने सांगू नये. आप्तांना बसवावे, आपणही बसावे, आणि पहिल्या वर्षात अशा वेळी ज्येष्ठ सहकारी सोबत असावा. मृत्यू प्रमाणपत्रावर कारण म्हणून केवळ ‘हृदय व श्वसनक्रिया बंद पडणे’ असे लिहू नये. ती मृत्यूची रीत झाली; ती ज्या आजारामुळे ओढवली, तो आजार लिहावयाचा असतो. विमा, वारसा आणि पुढच्या पिढीच्या प्रकृतीविषयीची सावधगिरी हे सारे त्या एका ओळीवर अवलंबून असते.

रुग्णांच्या नातेवाइकांशीही मोकळेपणाने दोन शब्द. ‘हे तर मुलगेच दिसतात, मोठे डॉक्टर कधी येणार?’ हा आपला प्रश्न आमच्या कानी नेहमी येतो. त्यामागील काळजी आम्ही जाणतो. मोठ्या डॉक्टरांना केव्हा बोलवावयाचे याचा नियम आता आपणांस ठाऊक झाला आहे. तो पाळला जात नाही असे वाटल्यास आपण वॉर्डाच्या प्रमुख सिस्टरांकडे अथवा आमच्या कार्यालयात अवश्य विचारणा करावी. तो आपला हक्क आहे. परंतु तरुण डॉक्टरावर आवाज चढविल्याने किंवा हात उगारल्याने रुग्णाचे भले होत नाही. महाराष्ट्रात २०१० च्या कायद्याने तो गुन्हाही आहे. भेदरलेला डॉक्टर निर्णय घ्यावयास कचरतो, आणि त्याचा फटका आपल्याच माणसाला बसतो.

आता देणगीदारांपुढे आमचे मागणे. आपल्या औदार्यातून या वास्तूत यंत्रे आली, खाटा आल्या, दालने उभी राहिली. त्यांवर आपल्या वडीलधाऱ्यांच्या नावांच्या पाट्या आहेत आणि त्या पाहून आम्हालाही समाधान वाटते. आज ज्यासाठी हात पुढे करीत आहोत, त्यावर पाटी लावता येणार नाही. प्रत्येक रात्री एक जादा डॉक्टर असावा, जेणेकरून उरलेल्यांना आळीपाळीने झोप मिळेल. ज्येष्ठ तज्ज्ञांना आठवड्यातील काही तास केवळ शिकविण्यासाठी मोकळे करावे आणि त्या तासांचे मानधन संस्थेने द्यावे. महिला व पुरुष निवासी डॉक्टरांसाठी स्वतंत्र, सुरक्षित विश्रांतीकक्ष असावेत. ताळेबंदात हे सारे खर्चाच्या बाजूला दिसेल. समोरच्या बाजूला कोणताही आकडा मांडता येणार नाही, कारण न घडलेल्या अपघाताची पावती फाडता येत नाही. आम्ही हिशेबाची माणसे. ज्या खर्चाचे उत्पन्न दाखविता येत नाही, त्याविषयी आम्ही सहसा साशंक असतो. या एका खर्चाविषयी आमच्या मनात शंका नाही.

विश्वस्त मंडळासही एक विनंती. दरमहा आपल्यापुढे आम्ही उत्पन्न, खर्च आणि भरलेल्या खाटांचे तक्ते ठेवतो. त्यांच्यासोबत आणखी तीन रकाने असावेत, असे आम्ही सुचवितो: गुणांची बेरीज ७ वर गेल्यावर ज्येष्ठांना किती वेळा आणि किती मिनिटांत कळविले गेले, किती निवासी डॉक्टरांना आठवड्याची सुटी मिळाली, आणि किती पाळ्यांत कार्यभार लेखी व तोंडी अशा दोन्ही रीतींनी सोपविला गेला. पहिल्या काही महिन्यांत हे आकडे आपणां सर्वांस अस्वस्थ करतील. ते तसे करीत नसतील, तर नोंदी खऱ्या आहेत का, हे लेखापरीक्षकाच्या नजरेने तपासावे लागेल.

नवागत डॉक्टरांनो, तीन वर्षांनी आपण येथून तज्ज्ञ होऊन बाहेर पडाल. कोणी आपल्या गावी परताल, कोणी मोठ्या शहरात जाल, काहींना याच संस्थेत थांबावेसे वाटेल. तोवर आपल्या हाताखाली नवे डॉक्टर आलेले असतील आणि रात्री अडीच वाजता त्यांच्यापैकी एकाचा दूरध्वनी आपणांस येईल. त्या वेळी आपण कसे उत्तर द्याल, हे या तीन वर्षांत आपणांस येथे कसे उत्तर मिळाले यावर पुष्कळसे अवलंबून राहील. म्हणून आपल्या प्रशिक्षणाची जबाबदारी आम्ही सर्वजण मिळून घेत आहोत.